जॅकच्या बाजारातला एल्वुड

डेल्मार हार्म्सच्या अठ्ठेचाळीस सालच्या हडसन गाडीत सगळं होतं, फक्त जॅक नव्हता. म्हणजे गाडी उचलायला जॅक होता, दणकट होता, पण तो हडसनचा नव्हता. कारखान्यातून गाडीबरोबर आलेला अस्सल जॅक मधल्या कुणातरी मालकाने हरवला होता, आणि पडलेल्या दाताच्या खळग्यात जीभ जावी तसं डेल्मारचं मन सारखं तिथेच जायचं. आयोवातले आणि मिनेसोटातले जुन्या सुट्या भागांचे सगळे बाजार त्याने पालथे घातले होते. चाकाच्या टोप्या मिळाल्या, दिव्यांच्या कडा मिळाल्या, एकदा तर नको असलेलं अख्खं दार मिळालं. जॅक मिळाला नाही.

शेवटी त्याची बायको आर्डिसच म्हणाली, "एकदाचं पेन्सिल्व्हेनियाला जाऊन येऊ. तिकडे म्हणे सगळ्या देशाचं भंगार गोळा होतं. नाहीतर मेल्यावर भूत होऊन माझ्याकडे जॅक मागत बसशील."

एकोणीसशे शहाण्णवच्या ऑक्टोबरात दोघं गाडी हाकत तिकडे पोचले. रात्री पाऊस होऊन गेला होता. मैदानभर ताडपत्र्या अंथरलेल्या, मालट्रकांची फळकुटं खाली सोडलेली, आणि त्यांवर मडगार्डं, स्टिअरिंगची चाकं, गंजक्या साखळ्या, कार्ब्युरेटरांनी भरलेली घमेली. चिखलात बूट फचफचत होते. डेल्मारचं चित्त एकदम प्रसन्न झालं. आर्डिस सफरचंदाच्या गरम डंपलिंगचा वास काढत एका तंबूकडे गेली आणि हा पहिल्या रांगेत शिरला.

पहिल्याच ताडपत्रीमागे बसलेल्या माणसाने त्याला बघून हात वर केला. लोक एकमेकांना करतात तसा. डेल्मारनेही केला. पण त्या माणसाचा हात खाली येईना. तोंड उघडं, हात वर, असा तो बघतच राहिला. डेल्मार पुढे सरकला. पुढच्या ठिकाणी एकाच्या हातातून चाकाची टोपी सुटली आणि गरगरत चिखलात गेली. ती उचलायचं सोडून तो माणूस शेजाऱ्याला ढोसत राहिला. आपल्या पाठीमागे कुजबुज चालली आहे हे डेल्मारला चांगलंच कळत होतं. वळून पाहिलं की सगळे आपापल्या नट-बोल्टांत गुंग.

त्याने पँटची चेन बघितली. ती नीट होती. एका जुन्या हेडलाइटच्या आरशात तोंड पाहिलं. रोजचंच होतं, लांबुडकं, मोठ्या कानांचं.

भूक लागली म्हणून तो सॉसेजच्या गाडीपाशी गेला. तव्यावर मान घालून उभ्या असलेल्या बाईने एक ओझरती नजर टाकली आणि म्हणाली, "आलास? तुझ्यासाठी कांदा दुप्पट, ठाऊक आहे." तिने पावात कांद्याचा ढीग घातला, पाव पुढे केला, आणि मग पुन्हा वर पाहिलं. तिचा चेहरा तव्याच्या धुरातसुद्धा पांढराफटक दिसला. पैसे न घेताच ती गाडीच्या मागे निघून गेली.

डेल्मार कांद्याला जन्मात शिवत नसे. तो पाव हातात धरून तो तसाच आर्डिसला शोधत निघाला.

"माझ्या तोंडाला काही लागलंय का गं?"

"लागलंय ना, वय लागलंय," ती डंपलिंग खात म्हणाली. "आणि कांदा कधीपासून खायला लागलास?"

"मी मागितला नाही. तिनेच घातला. मला ओळखत असल्यासारखी."

"इथे तुला कोण ओळखणार? जा, जॅक बघ."

तो गेला, पण आता त्याचं लक्ष लोखंडात लागेना. दिवे आणि बॉनेटवरचे पुतळे मांडून बसलेल्या एका म्हाताऱ्यासमोरून तो जात होता, तोच त्या म्हाताऱ्याने ताडकन उठून त्याचे दोन्ही खांदे धरले.

"एल्वुड! अरे मेल्या—" एवढं बोलून आपण काय बोललो हे उमगल्यासारखा त्याने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

"माफ करा," डेल्मार म्हणाला, "तुम्ही मला दुसराच कुणी समजताय. माझं नाव डेल्मार हार्म्स. आम्ही आयोवाहून आलोय."

म्हाताऱ्याने त्याला सोडलं नाही. "आवाज वेगळा आहे," तो स्वतःशीच पुटपुटला. "आवाज त्याचा नाही."

"कोणाचा?"

"एल्वुड राउशचा. एप्रिलमध्ये मातीत घातला त्याला. मी स्वतः खांदा दिलाय. सकाळपासून एकेक जण येऊन सांगतोय, स्टर्लिंग, एल्वुड बाजारात फिरतोय. मी म्हटलं, सकाळी सकाळी ढोसलीत का रे?" स्टर्लिंग मॉयर खाली खुर्चीवर बसला आणि रुमालाने मान पुसू लागला. "देवा रे. कान बघा ना, कान. कानसुद्धा तेच."

मेलेल्या माणसासारखं दिसण्याबद्दल माफी मागायची असते का, हे डेल्मारला ठाऊक नव्हतं.

"एक करा," स्टर्लिंग म्हणाला. "त्या लाल कोठाराकडच्या रांगेत तेवढं जाऊ नका. त्याची बायको बसलीय तिथे, फर्न. त्याचे जॅक विकतेय बिचारी. तुम्हाला पाहिलं तर तिचं काय होईल सांगता येत नाही."

"जॅक?" डेल्मारच्या तोंडून निसटलं. एवढ्या सगळ्यातून आपल्याला नेमका हाच शब्द ऐकू यावा याची त्याला लाज वाटली, पण शब्द सुटला होता.

"ढिगाने. गाडीचे, बग्गीचे, आगगाडीचेसुद्धा. त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती."

"अठ्ठेचाळीसच्या हडसनचा असेल का हो?"

स्टर्लिंगने त्याच्याकडे बघितलं आणि त्याला हसू फुटलं. "नाही, तुम्ही एल्वुड नाही म्हणताय ते खरं असेल. पण किडा तोच आहे."

डेल्मारने आर्डिसला गाठून सगळं सांगितलं. ती म्हणाली, चल, आत्ताच्या आत्ता घरी जाऊ. तो म्हणाला, एवढ्या लांब आलो. ती म्हणाली, त्या बाईचा जीव घेशील. तो म्हणाला, मी जात नाही, तू जा. शेवटी तसं ठरलं. हडसनचा जॅक कसा दिसतो, त्याचा हूक कसा वळलेला असतो, हे त्याने तिला हाताने हवेत काढून दाखवलं, आणि स्वतः लाल कोठाराच्या अलीकडे एका उंच मालट्रकच्या आडोशाला चोरासारखा उभा राहिला.

आर्डिस लवकर येईना. डेल्मारने ट्रकच्या टायरवरचं सगळं लिखाण वाचून काढलं. अखेर ती आली तेव्हा तिचे दोन्ही हात रिकामे होते.

"नव्हता?"

"विचारलंच नाही मी."

"म्हणजे? मग इतका वेळ करत काय होतीस?"

"डेल, तुझे वडील फिरतीवर कुठपर्यंत जायचे रे?"

हा प्रश्न कुठून आला हे डेल्मारला कळेना. त्याचे वडील गेरहार्ट हार्म्स इलिनॉयमधल्या एका कारखान्याचे फिरते विक्रेते होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत ते गाडीत नमुन्याचे जॅक घालून गावोगावच्या गॅरेजांतून विकत हिंडायचे. कधी आठवड्याने परतायचे, कधी महिन्याने. कडक लुथेरन पंथाचा माणूस. घरात असले की घर गप्प असायचं.

"ओहायोपर्यंत," तो म्हणाला. "त्यापुढे नाही."

"कशावरून?"

"आई सांगायची."

"आई काय सांगणार? ते तिला जे सांगतील तेच ना?"

"काय झालंय ते नीट सांगशील का?"

आर्डिस ट्रकच्या पायरीवर टेकली. "मी तिला सहज म्हटलं, एवढे जॅक कशाला जमवले हो यांनी? तर म्हणाली, त्याला बाप शोधायचा होता. एल्वुडला बाप नव्हता, डेल. त्याची आई स्वतःच्या मामाच्या पेट्रोल पंपावरच्या खाणावळीत वाढायला होती. तिथे एक जॅक विकणारा यायचा. दोन-तीन वर्षं येत होता, मग यायचा बंद झाला. आईने पुढे कधी तोंड उघडलं नाही. डीन नावाचा होता, एवढंच. कुठल्या कारखान्याचा जॅक होता ते सापडलं तर माणूस सापडेल, म्हणून हा जन्मभर जॅक गोळा करत राहिला."

"माझ्या वडलांचं नाव डीन नव्हतं."

"नव्हतं."

"जॅक विकणारे काय थोडे होते त्या काळी?"

"मी कुठे काय म्हणतेय?" आर्डिस म्हणाली. पण ती त्याच्या कानांकडे बघत होती.

तेवढ्यात ट्रकला वळसा घालून एक ठेंगणी, भरल्या अंगाची बाई पुरुषी कोट घालून आली. हातात आर्डिसचा स्कार्फ होता. "अहो, तुमचा स्कार्फ राहिला माझ्या टेबलावर—"

तिची नजर डेल्मारवर गेली. पळायला जागा नव्हती. त्याने टोपी काढली, आणि आपण हे काय केलं, आता तर चेहरा आणखीच दिसेल, म्हणून परत घातली.

फर्न राउश किंचाळली नाही की पडली नाही. तिने त्याला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "चालून दाखवा."

"काय?"

"त्या विजेच्या खांबापर्यंत चालत जा आणि परत या."

डेल्मार साठीला आलेला, बसगाड्यांच्या गॅरेजचा मुख्य होऊन निवृत्त झालेला माणूस. तो चिखलात त्या खांबापर्यंत चालत गेला आणि परत आला. आपल्याला आपलं चालणं येतं की नाही याची त्याला पहिल्यांदाच शंका आली.

"नाही," फर्नने श्वास सोडला. "तो बदकासारखा चालायचा." आणि ती आर्डिसच्याच स्कार्फात तोंड खुपसून हसायला लागली, आणि ते हसू नव्हे हे दोघांना थोड्या वेळाने कळलं. आर्डिसने तिला जवळ घेतलं. डेल्मार टोपी फिरवत उभा राहिला.

डोळे पुसून झाल्यावर फर्नने जे मागितलं ते ऐकून तो आणखीच गोंधळला. एल्वुडची आई ब्यूला अजून होती. शेजारच्या गावात म्हाताऱ्यांच्या निवासात असायची. नजर अधू, डोकं कधी ठिकाणावर, कधी नाही. मुलगा गेल्याचं तिला दोनदा सांगितलं होतं, दोन्ही वेळा ती नव्याने फुटून रडली आणि दुसऱ्या दिवशी विसरली. तेव्हापासून कुणी सांगत नव्हतं. ती रोज विचारायची, एल्वुड का येत नाही?

"पाच मिनिटं बसलात तरी पुरे," फर्न म्हणाली.

"मी नाटक्या नाही हो. आणि हे खोटं आहे."

"मी एप्रिलपासून तिला खोटंच सांगतेय, तो कामात आहे म्हणून. तुम्ही आलात तर तेवढं एक खोटं बंद होईल."

डेल्मारने आर्डिसकडे पाहिलं. ती गाडीच्या किल्ल्या शोधायला लागली.

वाटेत फर्नने बजावलं, "डावा हात खिशात ठेवा. त्याच्या करंगळीचं पेर यंत्रात गेलं होतं. आणि फार बोलू नका."

ब्यूला राउश खिडकीपाशी शाल गुंडाळून बसली होती. अंगाने चिमणी झालेली, पण हनुवटी वर. खोलीत चिकन-मक्याच्या सूपचा वास होता. डेल्मार आत शिरला तशी ती म्हणाली, "उगवलास! ही म्हणते कामात आहेस. मेलं असलं कसलं काम? बस."

तो बसला.

"जेवलास?"

"हो."

"घसा बसलाय तुझा. लोकर गुंडाळ गळ्याला. हात बघू."

त्याने उजवा हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला, वाकली, आणि त्याचा डावा हात खिशातून ओढून काढला. फर्नने दाराशी श्वास धरला. म्हातारी एकेक बोट चाचपत करंगळीपर्यंत आली. शेवटच्या पेरावर तिचा अंगठा थांबला.

"बरं झालं की बोट," ती समाधानाने म्हणाली. "म्हटलं होतं ना मी, होईल बरं."

मग तिने तो हात सोडलाच नाही. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचा आवाज हळूहळू विरत गेला. विचारायचं नाही असं डेल्मारने मनाशी ठरवलेलं होतं, आणि तरी त्याने विचारलं.

"आई, माझे वडील कुठले होते गं?"

फर्न दचकली. हा प्रश्न एल्वुडनेही मोठेपणी तिला कधी विचारला नव्हता. ब्यूलाला मात्र त्याचं काही वाटलं नाही.

"कुठले म्हणून काय विचारतोस? दर खेपेला नवं गाव सांगायचा. एकदा टोलीडो, एकदा पिओरिया. मी काय नकाशा घेऊन बसले होते?"

टोलीडो ओहायोत आहे, पिओरिया इलिनॉयमध्ये. वडिलांचा कारखाना तिथून काही फार लांब नव्हता. पण पिओरियाचं नाव कुणीही घेईल, मोठं गाव आहे.

"दिसायला कसे होते?"

"आरसा नाही का तुझ्या घरी?" ती खुदकन हसली. "पण गायचा! गाडी उचलता उचलता गायचा. पंपावरचे लोक हातातलं काम टाकून ऐकायचे. असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही."

डेल्मारने वडिलांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. रविवारी चर्चमध्ये सगळे गायचे तेव्हा ते ओठ मिटून उभे राहायचे. आई कोपराने ढोसायची तरी नाही. म्हणजे ब्यूलाचा तो माणूस आपले वडील नव्हेतच. डेल्मारला हायसं वाटायला हवं होतं. पण त्याऐवजी त्याला वाटलं, असेल तर? आपल्या घरी ओठ शिवलेला माणूस दुसरीकडे कुठे गात असेल तर? कुठला बाप खरा धरायचा? आणि नसेल, तर या म्हातारीचा हात आपल्याला सोडवत का नाही?

पाच मिनिटांसाठी आलेला तो जेवणाची घंटा होईपर्यंत तिथेच बसला होता.

संध्याकाळी फर्नने दोघांना घरामागच्या पत्र्याच्या छपरीत नेलं. बाजारात न नेलेले जॅक तिथे भिंतीला लावून उभे होते. हडसनचा जॅक तिसऱ्या फळीवर, तेल पुसून फडक्यात बांधलेला. डेल्मारने तो हातात घेतला. इतक्या वर्षांनी मिळाला होता, आणि तो तिथे नुसता वजनदार वाटला. फर्न पैसे घेईना, हा फुकट नेईना, दोघांची चांगलीच हुज्जत झाली. शेवटी आर्डिसने मध्ये पडून सौदा लावला.

घरी परतल्यावर त्याने जॅक डिकीत बसवला. चपखल बसला. शेजारी येऊन बघून गेले, वाहवा करून गेले. डेल्मारने त्यांना तो कसा मिळाला ते अर्धंच सांगितलं, कारण पुढचं अर्धं काय आहे हे त्यालाच माहीत नव्हतं.

आयोवातल्याच वॉटर्लू गावी त्याची थोरली बहीण विल्मा राहायची. त्याने एके दिवशी तिला फोन लावला.

"विल्मा, पपा कधी गायचे का गं?"

"पपा? झोपेत आहेस का?"

"गंमत नाही. आठवून सांग."

"एकदा ऐकलं होतं," ती म्हणाली. "कोठारात. मी आत गेले तसे पपा थांबले. पण खरं सांगू? गात होते की गायींना हाका मारत होते, ते काही मला सांगता यायचं नाही. लहान होते मी. का रे?"

"काही नाही," डेल्मार म्हणाला. "सहज."

फेब्रुवारीत फर्नचा फोन आला. म्हातारी झोपेतच गेली होती. डेल्मारने सांत्वनाचे दोन शब्द बोलायला तोंड उघडलं आणि अडकला. मग दोघंही एकदमच "बरं मग" म्हणाले.

"कोण गेलं?" आर्डिसने विचारलं.

"एल्वुडची आई," तो म्हणाला, आणि गाडीत तेल किती आहे ते बघायला बाहेर गेला.

बर्फातून गाडी काढत दोघं पुन्हा पेन्सिल्व्हेनियाला पोचले. डेल्मार मागच्या बाकावर बसायच्या बेतात होता. फर्नने येऊन त्याची बाही धरली आणि त्याला पुढच्या बाकावर, आपल्या शेजारी नेऊन बसवलं. सबंध चर्चमधून एकही मान वळली नाही. प्रार्थना संपल्यावर शवपेटी उचलायची वेळ आली तेव्हा डाव्या बाजूला एक माणूस कमी पडत होता. तिथे कोण उभं राहायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तो एप्रिलपासून नव्हता. स्टर्लिंग मॉयरने पलीकडून नुसती मान हलवली. डेल्मारने पुढे होऊन पितळी कडी धरली. ती इतकी गार होती की हातमोज्यातून झोंबली. पायऱ्या निसरड्या होत्या, म्हणून सगळे अगदी सावकाश चालले.

नंतर चर्चच्या तळघरात हॅम, बटाटे आणि कॉफी होती. काठी टेकत एक अनोळखी आजीबाई डेल्मारपाशी आल्या आणि त्याच्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमच्या आईसारखी आंबट चेरीची पाय भाजणं या भागात कुणाला जमलं नाही हो."

डेल्मारने आर्डिसकडे पाहिलं. आर्डिस बशीतल्या बटाट्यांकडे बघत होती.

"होय," तो म्हणाला. "फार छान करायची."